उशीवरचा आळ

"दोरी जशीच्या तशी आहे मावशी. गाठसुद्धा माझीच आहे. मग उशी बाहेर आली कधी आणि तिनं रोपं खाल्ली कधी?"

भिंगरीनं पिंजरा थेट मावशीच्या नाकासमोर धरला. उशी म्हणजे तिची सशीण, पांढरी आणि चांगली गुबगुबीत. आपल्यावर केवढा आळ आलाय याची तिला काहीच फिकीर नव्हती. ती कोपऱ्यात बसून नुसतं नाक हलवत होती.

मावशीची रोपवाटिका घराच्या चारही बाजूंनी पसरलेली होती, पण तिचा खरा जीव होता पडवीतल्या ट्रेमध्ये. फुलझाडांची नुकती उगवलेली रोपं तिथं वाढत होती. मावशी त्यांना पोटच्या पोरांसारखी जपायची, आणि गेले काही दिवस सकाळी उठून बघावं तर एखादी ओळ फस्त झालेली असायची.

"मला काही सांगू नकोस," मावशी म्हणाली. "इतकी वर्षं माझ्या एका पानाला कुणी तोंड लावलं नव्हतं. तुम्ही सुट्टीला आलात, हिला घेऊन आलात आणि त्याच आठवड्यापासून हे सुरू झालं."

"त्याच आठवड्यात बाबा सहलीहून परत आले," मावशीचा मुलगा म्हणाला. "मग रोपं बाबांनी खाल्ली असं म्हणायचं का?"

या मुलाला घरीदारी सगळे 'वकील' म्हणत. जेवायला चल म्हटलं तरी तो आधी जेवायची वेळ झाल्याचा पुरावा मागायचा. भिंगरीचं नाव तर कुणी मुद्दाम ठेवलंच नव्हतं, ती एका जागी कधी थांबतच नसल्यामुळे ते आपोआप पडलं होतं. आणि तिच्या मागे मागे जाणारा तिचा धाकटा भाऊ म्हणजे शेपूट.

"जास्त अक्कल पाजळू नकोस," मावशीनं वकिलाला दटावलं. "संध्याकाळी डॉक्टरीणबाई गप्पांना येतायत, त्या जाताना पिंजरा घेऊन जातील. माझं बोलणं झालंय. त्यांचं अंगण मोठं आहे."

"त्यांच्याकडे दोन कुत्रे आहेत," शेपूट म्हणाला.

"फार प्रेमळ आहेत म्हणे," असं म्हणून मावशी आत गेली. जाता जाता तिनं कमरेला अडकवलेली फवाऱ्याची बाटली काढली आणि कुंडीवर, वेलावर, खिडकीतल्या फुलदाणीवर फुसफुस करत पाणी मारलं. ही तिची जुनी सवय. झाडासारखं काही दिसलं की हात बाटलीकडे गेलाच. एकदा तिनं शेजारणीच्या प्लास्टिकच्या फुलांनाही पाणी घातलं होतं, आणि एकदा वकिलाच्या डोक्याला.

उशीनं डोळेसुद्धा उघडले नव्हते तेव्हा भिंगरीनं तिला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून जगवलं होतं. आणि आता ती दोन प्रेमळ कुत्र्यांच्या अंगणात जाणार होती.

"रडू नकोस," वकील म्हणाला.

"मी रडत नाहीये. मला राग आलाय. संध्याकाळच्या आत खरा चोर सापडला पाहिजे."

तिघंही ट्रेपाशी गुडघे टेकून बसली. भिंगरीला बसवत नव्हतंच, ती दर मिनिटाला उठून पिंजऱ्याशी जाऊन येत होती. वकिलानं मात्र नाक मातीला लागेल इतकं वाकून एकेक रोप तपासलं.

"हे बघ. पानाच्या मधोमध भोकं आहेत. उशी पालक कशी खाते?"

"कडेपासून सुरू करते आणि देठापर्यंत संपवते," शेपूट म्हणाला. "भोक ठेवत नाही."

"म्हणजे खाणारा उशीपेक्षा कितीतरी लहान आहे. आणि ही रेघ कसली?"

ट्रेच्या काठावरून एक चकचकीत रेघ गेली होती. कुणीतरी पातळ डिंकाचं बोट ओढावं तशी. ती भिंतीवर चढली होती आणि खिडकीच्या खाली रंगाच्या पोपड्यांमध्ये हरवली होती. भिंगरी धावत मावशीला बोलवायला गेली, पण मावशी खुर्च्या मांडण्यात गर्क होती.

"पाइपाचं पाणी वाळलं असेल," मावशीनं न बघताच सांगितलं. "आणि आता हातपाय धुऊन दिवाणखान्यात येऊन बसा. मोठी माणसं जग बघून आलीत. चार गोष्टी कानावर पडतील."

मोठी माणसं म्हणजे वकिलाचे बाबा, म्हणजेच भिंगरीचे काका, शिवाय डॉक्टरीणबाई आणि बँकेतले साहेब. डॉक्टरीणबाई दातांच्या डॉक्टर होत्या, त्यामुळे कुणी हसलं की त्या आधी त्याचे दात बघायच्या. तिघं मिळून भूमध्य समुद्राकाठच्या एका देशात सहलीला जाऊन आले होते. परतल्यापासून काका घरात दुसरं काही बोलतच नव्हते. दूध उतू गेलं तरी त्यांना तिथला समुद्र आठवायचा. आज तिघं मिळून आपापले अनुभव सांगणार होते, आणि टीव्हीच्या पडद्यावर फोटोही दाखवणार होते.

भिंगरी दाराजवळच्या खुर्चीवर बसली, म्हणजे टेकली. पिंजरा शेजारीच होता आणि त्यावर डॉक्टरीणबाईंनी आपली पर्स ठेवली होती, जणू तो आताच त्यांचा झाला होता.

"काय तो समुद्र," काका म्हणाले. "निळा म्हणजे किती निळा."

"मला हिरवट वाटला," बँकेतले साहेब म्हणाले.

"तुम्ही काळा चष्मा लावून बसला होता. आणि ती पांढरीशुभ्र घरं."

"पायऱ्या किती होत्या ते सांगा की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माझे गुडघे अजून बोलतायत. पण तिथल्या माणसांचे दात मात्र फार छान."

"मी सांगतो, तिथं सगळ्यात छान म्हणजे दुपारची झोप," साहेब म्हणाले. "दुकानं बंद, रस्ते ओस, अख्खं गाव आडवं. असं ऊन मी जन्मात पाहिलं नाही. गवत वाळून नुसत्या काड्या उरल्या होत्या."

भिंगरीचे पाय खुर्चीखाली सारखे हलत होते. एरवी तिला या गप्पा आवडल्या असत्या. पण प्रत्येक फोटोगणिक उशीचा इथला वेळ कमी होत होता. बाहेर ऊन कलत चाललं होतं आणि तिला मात्र पडद्यावर साहेब टॅक्सीत बसताना आणि साहेब टॅक्सीतून उतरताना बघावे लागत होते.

"हा बघा," काका उत्साहानं म्हणाले. "समुद्राकाठचं माळरान. त्या वाळक्या काड्यांना असे पांढरे शंख चिकटलेले होते, वरपासून खालपर्यंत. मी लगेच एक जुडी काढून घेतली. यांनाही दिली. इतकं सुंदर काही दुकानात मिळणार आहे का?"

पडद्यावर काका हातात काड्यांची जुडी घेऊन उभे होते. काड्यांवर नखाएवढे पांढरे शंख इतके दाटीवाटीनं बसले होते की काडी दिसतच नव्हती. भिंगरीनं फोटोकडे पाहिलं आणि तिचे पाय एकदम थांबले.

ती जुडी तर खिडकीतल्या फुलदाणीत होती. भिंगरी रोज तिच्यासमोरून जात होती आणि तिथं तिला काड्याच काड्या दिसल्या होत्या.

"काका, फोटो बदलू नका," ती उभी राहिली. "या काड्यांवरचे शंख गेले कुठं?"

"मध्येच बोलू नये," मावशी म्हणाली.

पण वकील तोवर फुलदाणी घेऊन आलाही होता. त्यानं ती टीव्हीच्या शेजारी धरली. पडद्यावरची जुडी भरगच्च आणि हातातली जवळजवळ बोडकी. तळाशी कसेबसे मूठभर शंख उरले होते.

"झडले असतील," काका म्हणाले. "वाळलेली वस्तू आहे, झडायचीच."

"मग झडून पडले कुठं?" वकिलानं विचारलं. "केर मी काढतो. केरात एकही शंख आला नाही."

"आणि फुलदाणी पडवीच्या खिडकीत असते," भिंगरी म्हणाली. तिच्या मनात सगळं भराभर जुळत होतं आणि शब्द मागे पडत होते. "खिडकीखाली ती रेघ आहे. रेघ ट्रेवर जाते. मावशी, तू या काड्यांवर पाणी मारतेस ना? रोज?"

"मारते बाई. हात जातो माझा. त्याचं काय?"

"मग आता परत मार. सगळ्यांच्या समोर."

मावशीनं काकांकडे पाहिलं, काकांनी खांदे उडवले. मावशीनं बाटली काढली आणि उरलेल्या शंखांवर चांगलं भरपूर पाणी मारलं. काड्या ओल्या झाल्या आणि बाकी काही म्हणजे काही झालं नाही.

"झालं समाधान?" साहेब म्हणाले. "पुढचा फोटो घ्या. त्यात मी गाढवावर बसलोय."

"थोडं थांबा ना," भिंगरी म्हणाली. आपलं चुकलं असेल तर? मग संपलंच. मग पिंजरा उचलणार आणि दार लागणार.

तिनं हळूच शेपटाच्या कानात काहीतरी सांगितलं आणि तो पडवीत पळाला. दिवाणखान्यात कुजबुज सुरू झाली. चहा निवला. डॉक्टरीणबाईंनी पिंजऱ्यावरची पर्स उचलून खांद्याला लावली आणि पिंजऱ्याच्या कडीला हात घातला.

"हलला," वकील म्हणाला.

"काय हलला?"

"शंख."

सगळे पुढे वाकले. एका शंखाच्या तोंडावरचा कागदासारखा पातळ पापुद्रा फाटला होता. आतून काहीतरी ओलं, करडं हळूहळू बाहेर येत होतं. मग त्याला दोन बारीक शिंगं फुटली आणि ती डॉक्टरीणबाईंच्या दिशेनं वळली. डॉक्टरीणबाई दोन पावलं मागे सरकल्या आणि साहेबांच्या पायावर उभ्या राहिल्या.

"गोगलगाय," मावशी पुटपुटली. "अहो, या जिवंत गोगलगायी आहेत."

तेवढ्यात शेपूट आला. पडवीतल्या ट्रेच्या बाकाखाली मोठ्यांना शिरता येत नाही, पण तो आरपार जाऊन आला होता. त्याच्या केसांत जाळी होती, कोपरं खरचटली होती आणि शर्टाच्या ओच्यात पांढरे शंख खुळखुळत होते.

"फळीला खालून चिकटल्या होत्या," तो म्हणाला. "अजून आहेत. सगळ्या झोपल्यात."

काका मटकन खुर्चीत बसले. "पण तिथं तर त्या कडक वाळलेल्या होत्या. मला वाटलं, नुसती टरफलं उरलीत."

"साहेब म्हणाले ना, तिथं उन्हात अख्खं गाव आडवं होतं," वकील म्हणाला. "यासुद्धा तशाच आडव्या झाल्या असतील. ऊन संपेपर्यंत दार लावून झोपायचं."

"आणि इथं मावशीनं रोज पाणी मारलं," भिंगरी म्हणाली. "त्यांना वाटलं, पाऊस आला."

मावशीनं हातातल्या बाटलीकडे पाहिलं आणि ती हळूच टेबलावर ठेवून दिली.

मग साहेबांना एकदम काहीतरी आठवलं. "माझी जुडी मी भाजीच्या वाफ्यात रोवलीय," ते म्हणाले. "शोभेला." आणि गाढवावरचा फोटो न दाखवताच ते चपला शोधायला लागले. डॉक्टरीणबाईंची जुडी दवाखान्यात होती, रोगी बसतात तिथल्या कुंडीत. त्याही साहेबांच्या मागोमाग निघाल्या. निघण्याच्या घाईत त्यांना पिंजऱ्याची आठवणही राहिली नाही.

"जाऊ नका, आधी ऐका," काकांनी फोन कानाला लावतच दोघांना अडवलं. कृषी खात्यातले एक अधिकारी त्यांच्या ओळखीचे होते. फोनवर काकांचा आवाज खाली खाली जात गेला आणि शेवटी ते नुसतं "हो, चुकलंच" एवढंच म्हणत राहिले.

अधिकारी स्वतःच आले. त्यांनी बाकाखाली बॅटरी मारून पाहिलं आणि मुलांनी घट्ट झाकणाच्या डब्यात गोळा केलेले शंख ताब्यात घेतले. साहेबांच्या वाफ्यातली आणि दवाखान्यातली जुडी आणायलाही त्यांनी माणूस धाडला. दुसऱ्या देशातले असे जीव आपल्या शेतात सुटले तर त्यांना आवरणं कठीण जातं, असं त्यांनी काकांना जरा कडक शब्दांत ऐकवलं. मग ते मुलांकडे वळले.

"आणखी एक पावसाळा गेला असता तर या अख्ख्या गावभर झाल्या असत्या," ते म्हणाले. "पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं?"

वकिलानं आणि शेपटानं एकदमच भिंगरीकडे बोट दाखवलं.

"बाई, तुमची भाची डोळे उघडे ठेवून फिरते," अधिकारी मावशीला म्हणाले. "आम्हाला खात्यात अशी माणसं हवी असतात."

एरवी भिंगरी असल्या कौतुकानं गिरक्या घ्यायला लागली असती. आज तिचं लक्ष मावशीकडे होतं. मावशी दाराशी गेली आणि पिंजऱ्यासमोर खाली बसली.

"मी उगाच हिच्यावर आळ घेतला," ती म्हणाली. "आणि तुझं एक अक्षर ऐकून घेतलं नाही. त्या रेघेकडे नुसतं बघायला हवं होतं मी. चुकले गं पोरी."

भिंगरीचे डोळे आता मात्र भरून आले. मावशीनं स्वतःच्या हातानं गाठ सोडली आणि पिंजऱ्याचं दार उघडलं. "जा बाई, आता तू मोकळी."

उशी बाहेर आली. तिनं काकांचा वास घेऊन पाहिला, अधिकाऱ्यांच्या बुटाचा वास घेऊन पाहिला. मग टुणटुण उड्या मारत ती सरळ पडवीत गेली, मागच्या पायांवर उभी राहिली आणि काठावरच्या ट्रेमधलं सगळ्यात टवटवीत रोप कडेपासून देठापर्यंत खाऊन टाकलं.

वकिलालासुद्धा बाजू मांडता येईना. भिंगरीनं घाबरून मावशीकडे पाहिलं. मावशीचे ओठ आधी थरथरले, मग ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"खाऊ दे," ती म्हणाली. "आज तिचा हक्कच आहे."