नोमिकोसची करंगळी

नोमिकोस दुकानात शिरला तेव्हा त्याच्या डाव्या हातात ऑक्टोपस होता आणि उजव्या हातात फोन. दोन्ही सारखेच ओले होते.

"यातलं दुरुस्त काय करायचंय?" वूलानं विचारलं.

"ऑक्टोपस गेला बिचारा," तो म्हणाला. "फोनमध्ये अजून धुगधुगी आहे."

वूला हसली नाही. ग्रीसमधल्या कालिम्नोस बेटाच्या धक्क्यावर अकरा वर्षं फोनदुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या बाईला पुरुषांच्या विनोदांची सवय होते, जशी धक्क्यावरच्या मांजरांना जहाजांच्या भोंग्याची. पण ऑक्टोपसचं पाणी काउंटरवरून ओघळत तिच्या वहीपर्यंत आलं आणि तिनं वही उचलली नाही. ही गोष्ट कोपऱ्यातल्या कालोतीनामावशीच्या नजरेतून सुटली नाही. मावशीचा फोन तीन वर्षांपूर्वीच दुरुस्त झाला होता. ती रोज यायची ती पंख्याचा वारा घ्यायला.

"तुम्हाला ऐकू येत नाही, की तुमचं समोरच्याला ऐकू जात नाही?" वूलानं विचारलं. आवाजाच्या तक्रारीत पहिला प्रश्न हाच. निम्मी गिऱ्हाइकं इथंच गडबडतात.

"मला सगळं ऐकू येतं. शिव्यासुद्धा. माझंच कुणाला कळत नाही. म्हणतात, पाण्याखालून बोलतोस."

"कोण म्हणतं?"

"मासळीचा व्यापारी. चुलतभाऊ..." तो थांबला. "आणि बाबा."

'बाबा' म्हणताना त्यानं ऑक्टोपस काउंटरवर ठेवला. टोपी काढावी तसा.

बाबांची गोष्ट अशी होती. म्हातारे पान्तेलिस ऑस्ट्रेलियात, डार्विनला, मोठ्या मुलीकडे राहत. जाताना त्यांनी आपली लाकडी होडी नोमिकोसच्या हवाली केली. होडीला नोमिकोसच्या वारलेल्या आईचं नाव होतं. पुढं सरकारनं योजना काढली: जुनी होडी मोडीत द्या, भरपाई घ्या. नोमिकोसनं दिली. धक्क्यावर, सगळ्यांच्या देखत, बुलडोझरनं तिचे तुकडे केले. म्हाताऱ्यानं ते कुणाच्या तरी फोनवर पाहिलं आणि त्या दिवसापासून मुलाशी बोलणं टाकलं.

वर्षातला एक दिवस सोडून.

आमच्याकडे वाढदिवस पोराबाळांचे. मोठ्या माणसाचा दिवस म्हणजे ज्या संताचं नाव घेतलं, त्या संताचा दिवस. त्या दिवशी घराचं दार उघडं ठेवायचं आणि आलेला प्रत्येक फोन उचलायचा... ज्याच्याशी कोर्टात भांडण चालू आहे त्याचासुद्धा. पान्तेलिसांचा दिवस सत्तावीस जुलै.

"गेल्या वर्षी मी माफी मागितली," नोमिकोस म्हणाला. "पाठ करून गेलो होतो. बाबा म्हणाले, 'तोंडात बटाटा धरून का बोलतोस?' आणि ठेवला फोन. या वर्षी ऐकू गेलंच पाहिजे. ते ब्याऐंशीचे आहेत, डॉक्टरीणबाई."

त्या दिवशी तीन जुलै होती.

वूलानं फोन टेबलावर ठेवून त्याचा आवाज रेकॉर्ड केला. स्वच्छ! मग म्हणाली, "आता हातात धरून बोला. नेहमी धरता तसा."

त्यानं धरला. मुठीत धरला, आणि करंगळी खालून घट्ट आवळली. तळाला माइकचं बारीक भोक असतं, नेमकी त्याच्यावर.

"असा का धरता?"

"दोन फोन समुद्रात गेलेत. होडी हलली की हे सुळकन निसटतात. तेव्हापासून खालून टेकू देतो."

झालं. रोग सापडला होता. औषध एका वाक्याचं होतं: करंगळी काढा. वूलानं तोंड उघडलं. तेवढ्यात त्यानं वर पाहिलं. पापण्यांवर मिठाचे पांढरे कण... आणि कुणी तरी आपलं काहीतरी मन लावून बघतंय याचं इतकं भाबडं कौतुक!

"बघावं लागेल," वूला म्हणाली. "उद्या या."

कोपऱ्यात मावशीनं पंख्याचं तोंड हळूच वूलाकडे वळवलं.

उद्या सांगू, असं वूलानं खरंच ठरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी तो बार्लीचे टोस्ट आणि टोमॅटो घेऊन आला. मग तिनं कानाशी धरायच्या जाळीतलं मीठ ब्रशनं काढलं. तिसऱ्या दिवशी काचेवरचं संरक्षक कव्हर बदललं. आठवड्याच्या शेवटी सिमकार्ड पुसून परत घातलं, नेटवर्कची सेटिंग मुळापासून केली, मागचं रबरी कव्हर काढायला लावलं. सगळं शास्त्रशुद्ध. एकाही गोष्टीची गरज नव्हती.

आणि रोज चाचणी. तो पन्नास पावलं चालत भरपाईच्या पैशांतून घेतलेल्या आपल्या छोट्या होडीत जायचा आणि तिथून दुकानात फोन करायचा. तोवर 'तुम्ही' गळून पडलं होतं.

"ऐकू येतंय?"

"गुळण्या केल्यासारखं. काय म्हणालास?"

"म्हणालो, तू फोन उघडताना जिभेचं टोक बाहेर काढतेस."

"काही कळत नाही, कप्तान. उद्या ये."

दहाव्या दिवशी जाळं ओढताना त्याचे दोन्ही हात अडकले होते. फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये दाबलेला. करंगळी जाळ्यात. आणि पन्नास पावलांवरून त्याचा आवाज असा आला, जसा तो तिच्या खांद्यामागेच उभा आहे—

"वूला, फोन नीट झाला तर मी कुठल्या निमित्तानं येऊ?"

वूलानं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"काही ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "पुन्हा बोल."

त्यानं जाळं सोडलं, फोन हातात घेतला, खालून टेकू दिला आणि पुन्हा बोलला. या वेळी मात्र बटाटाच. पण तिला आता गरज नव्हती. ते वाक्य तिला पाठ झालं होतं.

"पोरी," मावशी म्हणाली, "त्याच्या फोनला काय झालंय?"

"शोधतेय, मावशी."

"शोध, शोध. माझ्या नवऱ्याचा दमा आमच्या डॉक्टरनं चार वर्षं शोधला. डॉक्टरचं घर दुमजली झालं."

सव्वीस जुलै वूलाचा दिवस, संत पारास्केवीचा. तिचं खरं नाव तेच; वूला म्हणायला सोपं म्हणून. सकाळपासून दुकानात मिठायांचे डबे येत होते. नोमिकोस आला तो दाढी करून, आणि हातात एक समुद्री स्पंज. पावासारखा फुगलेला, मधाच्या रंगाचा.

"पंधरा वाव खोल पाण्यातून काढलाय. वर्षानुवर्षं जग, वूला."

"तूही," ती म्हणाली. स्पंजमध्ये बोटं रुतत होती.

"उद्या दुपारी बाराला फोन करणार. तिकडं साडेसहा वाजतात, जेवायला बसायच्या आधी. आधी होडीचं सांगणार. मग... तुझं."

"माझं काय?"

"ते आधी बाबांना कळू दे. मग त्यांनाच विचारून घे."

आता. आता सांगायला हवं. वूलानं श्वास घेतला. तेवीस दिवस! तेवीस दिवसांचं एका वाक्यात कसं सांगणार? 'करंगळी काढ' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: कधीपासून माहीत होतं?

तिनं ड्रॉवर उघडला आणि एक पांढरी वायर काढली.

"हे बोंड कानात. वायरीवरचा हा मणी तोंडाजवळ. फोन खिशात ठेवायचा. हातात धरायचाच नाही."

तो होडीत गेला. फोन वाजला.

"ऐकू येतंय?"

"येतंय," वूला म्हणाली. "सगळं येतंय."

तिकडून एक आरोळी आली आणि धक्क्यावरची मांजरं पळाली. "बाई गं! मग तेवीस दिवस काय करत होतीस?" तो हसत होता.

"शोधत होते," वूला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाराच्या घंटा झाल्या. वूला खिडकीशी उभी होती. पन्नास पावलांवर नोमिकोसनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यानं खिशातून वायर काढली. कानात बोंड घातलं. क्षणभर बसून राहिला... मग बोंड काढलं, वायर गुंडाळली आणि खिशात ठेवली. उभा राहिला. केसांवरून हात फिरवला. आणि फोन हातात घेतला, मुठीत, खालून टेकू देऊन, नेहमीपेक्षा घट्ट.

वूला धावली.

"अगं, चपला!" मावशी मागून ओरडली.

तापलेले दगड, मिठाईचे डबे घेतलेली माणसं, कुणाची तरी ढोपरं... ती पोचली तेव्हा तो डोळे मिटून बोलत होता. "...चूक झाली, बाबा. आईचं नाव होतं तिच्यावर. मला तेव्हाच—" फोनमधून म्हातारा गरजत होता, आणि ते मात्र तिलाही स्वच्छ ऐकू येत होतं: "पुन्हा तेच! सणाच्या दिवशीसुद्धा बापाची थट्टा! माणसासारखं बोलता येत नसेल तर पुढच्या वर्षी करू नकोस. मी उचलणार नाही!"

वूलानं त्याची करंगळी धरून ओढली.

"बाबा?" नोमिकोस म्हणाला. पहिल्यांदाच स्वच्छ. पण तिकडं कुणी नव्हतं.

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या करंगळीकडे, मग फोनच्या तळाकडे. कोळी माणूस, गाठ कुठं आहे ते त्याला दाखवावं लागत नाही.

"कधी कळलं तुला?"

"वायर का काढलीस रे?"

"बापाची माफी वायरीतून मागायची? मी विचारलं, कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी. ऑक्टोपस काउंटरवर होता तेव्हा."

"मग?"

"उद्या सांगू म्हटलं. आणि उद्या तू आलास... रोज आलास."

त्यानं पुन्हा नंबर लावला, करंगळी लांब धरून. चहाचा कप धरताना काही बायका धरतात तशी. रिंग वाजत राहिली. तीनदा लावला. तिन्ही वेळा रिंग इतकी सुरेख ऐकू येत होती!

तो ओरडला नाही. ओरडला असता तर वूलाला बरं वाटलं असतं.

"वेडे," तो म्हणाला, "फोन नीट झाला असता तरी मी आलो असतो. दुसरं काहीतरी मोडून आणलं असतं."

एवढं बोलून त्यानं दोर सोडला आणि होडी मागं घेतली.

ऑगस्टभर तो दुकानासमोरून गेला, पण आत आला नाही. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी त्याचा फोन वाजलेला वूलानं खिडकीतून पाहिला. त्यानं तो धरला अगदी तिनं शिकवला तसा: तीन बोटं आणि अंगठा, करंगळी हवेत. पलीकडे बहीण होती, हे नंतर गावाला कळलं. त्यानं फक्त दोन शब्द विचारले. मग बराच वेळ ऐकलं. मग तो होडीच्या फळीवर बसला, आणि फोन कानाला असताना आणि नंतर कानाला नसतानाही करंगळी तशीच बाहेर राहिली.

"म्हातारा झोपेतच गेला," मावशी म्हणाली. त्या दिवशी तिनं पंखा स्वतःच बंद केला.

चाळीसाव्या दिवसाच्या प्रार्थनेसाठी तो डार्विनला गेला. परत आला नाही. होडी चुलतभावानं घेतली. स्पंज वूलाच्या खिडकीत राहिला. गिऱ्हाइकं किंमत विचारत, ती 'विकायचा नाही' म्हणे आणि जाळ्यांमधलं मीठ काढत राही. आवाजाची तक्रार घेऊन कुणी आलं तर फोन हातात घेण्याआधीच सांगे, "कसा धरता ते दाखवा." दोन मिनिटांत गिऱ्हाईक मोकळं. धंदा थोडा बसला.

पुढच्या सव्वीस जुलैला बाराच्या सुमारास दुकानाचा फोन वाजला. नंबर लांबलचक होता. वूलानं उचलला. तिच्या दिवशी आलेला फोन तिला उचलायलाच हवा होता, आणि त्याला करायलाच हवा होता. त्यात माफीचा संबंध नव्हता.

"वूला?"

"हो."

"ऐकू येतंय?"

त्याचा श्वास ऐकू येत होता. त्यामागं छताच्या पंख्याची करकर, आणि कुठला तरी अनोळखी पक्षी.

"येतंय. छान येतंय."

"वर्षानुवर्षं जग."

"तूही... बरा आहेस?"

"आहे. पुलांना रंग देतो. इथं सगळे आपलेच..."

आणि तेवढ्यात पलीकडून, चमचा ताटलीवर वाजवत, एका बाईचा आवाज. आपल्याच भाषेत, आपल्याच बेटाच्या हेलात, सवयीच्या लाडानं: "अहो, किती वेळ? वाढलंय कधीचं, मघापासून पोटातल्या बाळासकट उभी आहे मी, पटकन उठता-बसता येत नाही आता मला..."

ते वाक्य पुरं झालं नाही. आवाज एकदम पाण्याखाली गेला. सगळंच बुडालं: बाई, चमचा, पक्षी, पंखा.

वूलाला तो दोष ओळखायला वेळ लागला नाही. सात समुद्रांपलीकडे एक करंगळी हळूच, अगदी नेमकी, त्या बारीक भोकावर टेकली होती.

मग ती उचलली गेली.

"वूला?" तो म्हणाला. आवाज स्वच्छ, आणि थोडा घाबरलेला. "तुला... काही ऐकू आलं का?"

वूलानं खिडकीतल्या स्पंजावरची धूळ बोटानं पुसली.

"नाही," ती म्हणाली. "काही ऐकू आलं नाही."