आधी चूल पलीकडे गेली

आमच्या सिचुआन प्रांताचा रस्ता माझ्या खानावळीच्या भिंतीशी संपायचा. पुढे चिखल, चिखलापलीकडे शेजारच्या छोंगछिंगचा रस्ता. इकडची बस इथूनच माघारी फिरायची, तिकडची तिथून. मधला चिखल तुडवून दमलेली माणसं माझ्या शेवयांवर तुटून पडायची.

शेवटी दोन्हीकडच्या सरकारांनी रस्ता जोडायचा ठरवला. माझी लेक रुईछिन आमच्या बाजूची मोजणी करणार होती. भुरभुर पावसात ती खुंट्या ठोकत होती, तर पलीकडून तिकडची मोजणी करणारा एक उंच पोरगा बूट हातात घेऊन आला.

"तुमचा रस्ता आमच्या रस्त्याला टाळून जातोय," तो म्हणाला.

खरंच होतं. दोघांनी आपापल्या नकाशावर सीमेपर्यंत रेघ ओढलेली. टोकं समोरासमोर येतात का, हे कोणी पाहिलंच नव्हतं.

"मग तुमचा वळवा."

"आमच्याकडे डोंगर आहे... तुमच्याकडे काय आहे?"

"माझी आई," रुईछिन म्हणाली.

तेव्हापासून हा यीछेन रोज माझ्याकडे जेवायला.

"आमच्या शेवया याहून तिखट असतात," तो रुईछिनला म्हणायचा.

"मग डोळे का पुसताय?"

"पाऊस आहे."

"छपराखाली?"

तो खाली मान घालून हसायचा, आणि ही न मागता त्याच्या वाडग्यात सूप ओतायची. पण मी जवळ गेले की दोघं गप्प. माझ्या चुलीकडे तर बघायचेच नाहीत. मला नकाशा वाचता येत नाही, पण तोंडं वाचता येतात.

"काय ते बोला," मी म्हटलं.

यीछेन उभा राहिला. "मावशी, रस्ता तुमच्या चुलीवरून जातो. बसचा थांबा आमच्या बाजूला होईल. आणि... मला रुईछिनही हवी आहे."

"एकाच दमात चूल आणि लेक?"

"खोटं बोलून एकही नको."

मी लेकीकडे पाहिलं. तिने नजर चुकवली नाही. त्याच्या बाहीवरचा चिखल मात्र नखाने काढत राहिली.

पहिली थेट बस आली तेव्हा माझी चूल पलीकडच्या थांब्यावर पेटलेली होती. रुईछिन यीछेनचा हात धरून उतरली.

"आई, लग्न माझं ठरलंय, आणि सासरी आधी तू?"

"तुझ्या भरवशावर राहिले असते, तर जावई उपाशी मेला असता," मी म्हटलं आणि त्याच्या वाडग्यात मिरची जरा कमीच घातली.