गाण्याचं खोकं आणि तीन शनिवार

खोटं बोलायचं तर निदान माणसाच्या तोंडाकडं बघून बोलावं, एवढीसुद्धा रीत जाईबाईंच्या राजपालला नव्हती. समोर पोरगी उभी, खांद्याला बॅग, लोहाऱ्याच्या गाडीला वीस मिनिटं उरलेली. आणि हा एकतीस वर्षांचा बाप्या टेबलावरच्या स्क्रूंकडं बघत म्हणाला, "अजून थोडं बाकी हाय. पुढच्या शनिवारी नक्की."

बाकी हाय म्हणे! दुकानाच्या मागच्या खोलीत जाईबाईंनी भाकरीवर पाणी फिरवता फिरवता दात आवळले. मंगळवारी संध्याकाळी त्या पोरीसाठी बनवलेलं तेच गाण्याचं खोकं याच घरात सलग दीड तास गायलं होतं. एकदा अडकलं नाही, एकदा खरखरलं नाही. ऐकता ऐकता त्यांचा तवा कोरडा तापून काळा पडला होता.

जाईबाई तिसरी शिकलेल्या. पण नळदुर्गच्या हायवेवर सव्वीस वर्षं ढाब्यावर भाकऱ्या थापून पोर वाढवलेली बाई ती. ट्रकमधून उतरणारा माणूस किती भाकरी खाणार, हे त्याच्या चालण्यावरून सांगायची. पोटच्या पोराचं खोटं ओळखायला तिला शाळेची गरज नव्हती.

पोरगी निघून गेली. बाहेर भादव्याची भुरभुर चालू होती. पंधरा दिवस झाले, सूर्याचं तोंड नाही. जाईबाई पिठाच्या हातानं तशाच दारात आल्या.

"काय बाकी हाय रं?"

"आवाज... जरा साफ करायचा हाय, आये."

"मंगळवारी काय घाण होता का?"

तो पोरगी गेली त्या वाटेकडं बघत राहिला. आणि जाईबाईंना सगळं कळलं. कळूनही त्या गप आत गेल्या. हे मात्र त्यांच्या स्वभावात बसणारं नव्हतं.

पोरीचं नाव पौर्णिमा. स्टँडजवळच्या मेडिकलवर कामाला. आठवडाभर इथं खोली करून राहायची आणि शनिवारी दुपारून माकणीला बापाकडं जायची. दोन महिन्यांमागं एका दुपारी सगळ्या स्टँडची लाइट गेली. इनव्हर्टर नाही, पंखा नाही, सगळा अंधार. आणि राजपालच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून मात्र गाणं चाललेलं. पोरगी ओढणी डोक्यावर घेऊन पाण्यातून धावत आली आणि काऊंटरवर हात टेकून म्हणाली,

"लाइट नसताना टेप कसा काय चालतो तुमचा?"

"टेप न्हाय हा. कॉम्प्युटर हाय. गाडीच्या बॅटरीवर चालतो."

"हा? हा तर साबणाच्या वडीएवढा आहे!"

"तेवढाच असतो. ह्याला पडदा न्हाय, बटणं न्हाईत. गाणी कार्डात, न्हायतर नेटवरनं घेतो. फोनवरनं सांगायचं, हा वाजवणार."

"म्हणजे मालकापेक्षा बरा आहे. मालकाच्या तोंडून तर दिवसभर एक शब्द निघत नाही. रोज बघते ना मी."

"रोज... बघता?"

पोरगी गडबडली. केसांतलं पाणी झटकायचं निमित्त करून दुसरीकडं बघायला लागली. "समोरच दुकान आहे. दिसतं... दिसलं तर काय डोळे मिटून घेऊ?"

आतून जाईबाईंना हसू आलं होतं. कित्येक वर्षांत या घरात कुणी बाईमाणूस असं ठसक्यात बोललं नव्हतं. त्या स्वतः सोडून.

पुढच्या शनिवारी ती सात कॅसेटी घेऊन आली. रुमालात बांधलेल्या, एकेकीवर निळ्या शाईनं गावांची नावं. तिचे आबा, पिराजी, भीमगीतांचे गायक. वीस-बावीस वर्षं गावोगाव गायले. गोरोबा नावाचा त्यांचा दोस्त ढोलकीवर. गोरोबा वारला आणि या वर्षी आबांच्या गळ्यात गाठ निघाली. सोलापूरला ऑपरेशन झालं, गळ्यातला आवाजच काढून टाकावा लागला. आता ते पोराटोरांसारखे पाटीवर लिहून बोलायचे.

"एकदा पाटीवर लिहिलं त्यांनी," पौर्णिमा म्हणाली, "माझा आवाज मला ऐकव. घरातला टेप कधीच मोडलाय... तुम्ही कराल का तसलं एक, आमच्या घरासाठी? आणि जरा लवकर करा हं."

लवकर म्हणजे किती लवकर, ते तिनं सांगितलं नाही. यानं विचारलं नाही.

पण राजपाल कामाला लागला तो असा, की जाईबाईंना वाटलं, पोराला कुणी चावी दिली. कुठून तरी चालू टेप पैदा केला. कॅसेटी कार्डात घाईनं उतरवता येत नाहीत, दीड तासाची असेल तर दीड तास बसायचंच. हा बसला. तसलंच साबणाच्या वडीएवढं नवं बोर्ड मागवलं. त्यावर आवाज गोड करणारी एक छोटी चकती बसवली, ती म्हणे डॅक. जुन्या रेडिओच्या लाकडी खोक्यात बशीएवढा स्पीकर घातला, बोर्ड बसवलं, वायरी डाळ निवडावी तशा निवडून जागच्या जागी लावल्या. पितळी बटण घासून चकचकीत केलं. मंगळवारी खोकं गायलं. पिराजींचा आवाज असा खणखणीत, की शेजारची बाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली.

आणि शनिवारी हा म्हणाला, बाकी हाय.

दुसऱ्या शनिवारी ती आली तेव्हा जाईबाईंनी तिला आत बसवलं, शेंगाची चटणी आणि गरम भाकरी वाढली. बाहेरचं आभाळ खाली उतरलेलं, खोलीत दिवसा दिवा. राजपाल फोन घेऊन तिच्याशेजारी बसला. पडद्यावर दहा-बारा उभ्या पट्ट्या, बोटानं वर-खाली होणाऱ्या.

"ह्या डावीकडच्या पट्ट्या खालच्या, जाड आवाजाच्या. ढोलकी लई घुमायली कॅसेटीत, माईकजवळ बसला व्हता वाजवणारा. तो घुमारा म्या कापला. आता निसते आबा ऐकू येतील."

"मला ओढू द्या ना एक पट्टी."

"हळू... हळू. बोट असं ठेवायचं."

"असं म्हणजे कसं? दाखवा की. बोट धरलं तर काय पट्टी रागावणार आहे?"

त्यानं बोट धरलं. दोघांचे कान लाल. जाईबाईंनी चुलीकडं तोंड फिरवलं आणि उगाच एक भाकरी जास्तीची थापली. मनात आलं, आता सांगावं, घेऊन जा बाई, कधीच झालंय. ओठावर आलेलंसुद्धा. पण त्यांनी ते गिळलं. घरात बांगड्यांचा आवाज होता. एक शनिवार अजून, असं त्या स्वतःलाच म्हणाल्या.

तिसऱ्या शनिवारी पौर्णिमा आली ती बसलीच नाही. चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"झालं का?"

"अजून थोडं—"

"जसं आहे तसं द्या." तिचा आवाज चिरका झाला होता. "डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. ऑपरेशननंतरच्या सलाइनमधल्या औषधानं कान जाऊ शकतात. आधी बारीक आवाज जातात, मग बाकीचे. मला वाटलं, होणार नाही... गेल्या रविवारी कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या, आबा शेजारीच बसलेले. मान वळवली नाही. काल चुलते फोनवर सांगत होते, टीव्ही पूर्ण मोठा करून, कानाला हात लावून बसतात."

राजपालचं तोंड राखेसारखं झालं.

"आधी... बोलला का न्हाईत?"

"काय बोलायचं? बापाचे कान जाणार आहेत, दया करा? मी काम दिलं होतं तुम्हाला. लवकर करा म्हटलं होतं."

जाईबाईंनी खुंटीवरचं लुगडं उद्यासाठी काढून ठेवलं. "उद्या सकाळी पयल्या गाडीनं आमी दोघं येतो, पोरी. खोकं घिऊन. तिथं लावून द्यायला हाच लागंल."

रविवारी लोहाऱ्यापर्यंत एसटी, पुढं काळीपिवळी जीप. राजपालनं खोकं मांडीवर धरलेलं, वरून प्लास्टिक. सबंध वाटेत मायलेक एक अक्षर बोलले नाहीत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी सोयाबीन पाण्यात उभं होतं, पिवळं पडलेलं.

पिराजी बाजेवर बसले होते. वाळलेलं अंग, गळ्याला पांढरा रुमाल. पाहुणे बघून त्यांनी हात जोडले, पाटी घेतली आणि सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं, 'जयभीम. आधी चहा घ्या.'

चहा झाला. राजपालनं वायर लावली. खोक्यावरचा बारीक हिरवा दिवा लागला. फोनवर बोट फिरवलं आणि घरात पिराजींचा वीस वर्षांपूर्वीचा आवाज उभा राहिला. स्वच्छ, धारदार, एक खरखर नाही. पौर्णिमानं तोंडावर ओढणी दाबली. दारात दोन शेजारी येऊन थांबले.

पिराजी खोक्याकडं बघत होते. मग राजपालकडं. मग त्यांनी पाटीवर लिहिलं,

'चालू केलं का?'

राजपालनं आवाज वाढवला. आणखी वाढवला. भांडी थरथरली. म्हातारा तसाच, वाट बघितल्यासारखा. जाईबाईंना त्या हिरव्या दिव्याकडं बघवेना.

मग राजपाल एकदम खाली बसला. फोन घेतला आणि ज्या सफाईच्या नावाखाली तीन आठवडे घालवले ती सगळी उलटी करायला लागला. जाड आवाजाच्या त्या डावीकडच्या पट्ट्या सरसर वर नेल्या. कापलेला सगळा घुमारा परत आला. ढोलकी आली, जाड, फुटकी, कानाला टोचणारी, आबांच्या आवाजावर चढून बसणारी.

पिराजींची बोटं गुडघ्यावर हलली. एकदा चुकली, मग ठेक्यात पडली. डोळे भरून आले. घाईघाईनं त्यांनी लिहिलं, अक्षरं वाकडी झाली.

'गोरोबा वाजवतोय.'

गाणं पुढं गेलं. ते मान कलती करून ऐकत राहिले, काहीतरी शोधल्यासारखे. मग खाली एक ओळ लिहिली.

'मी कुठं आहे?'

पौर्णिमानं ती वाचली आणि पडवीत निघून गेली. राजपाल तिच्या मागं गेला, जाईबाई त्याच्या मागं. दार उघडंच होतं. आता आतल्या माणसासमोर काहीही बोललं तरी चालण्यासारखं होतं, आणि तेच जाईबाईंना सोसवत नव्हतं.

"खोकं तीन हप्त्यांमागंच झालं व्हतं," राजपाल म्हणाला. या वेळी तिच्या तोंडाकडं बघून. "मंगळवारी. पुरं झालं व्हतं. बाकी काय बी नव्हतं."

"मग?"

"दिलं असतं तर... तू परत कशाला आली असतीस? तू यावंस म्हणून. माझा जीव हाय तुझ्यावर, पौर्णिमा. पयल्या दिवसापासनं. ते सांगायची हिंमत न्हाय झाली, म्हणून खोटं बोलत गेलो."

पडवीच्या पत्र्यावरून पाणी एका धारेत पडत होतं. ती त्या धारेकडं बघत राहिली.

"तीन आठवड्यांमागं," ती हळू म्हणाली, "आबा बातम्या ऐकत होते. बसल्या जागी. कानाला हात न लावता." मग थांबून, "आणि येडपटा... मी कॅसेटी आणल्या नसत्या तरी आलेच असते ना मी. दुकान समोरच आहे."

तिचा चेहरा मात्र मऊ झाला नाही.

"मला ठावं व्हतं, पोरी," जाईबाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली गेला होता. "मंगळवारी म्या सोता ऐकलं. तुझं येणं मला ग्वाड लागत व्हतं, म्हणून त्वांड दाबून बसले. एकट्या त्याचं पाप न्हाय ते."

पौर्णिमानं त्यांच्याकडं पाहिलं. आतून पाटीवर खडूचा टकटक आवाज आला. तिनं डोकावून बघितलं. आबांनी मागचं सगळं पुसून एकच शब्द लिहिला होता. 'परत.'

तिनं डोळे पुसले आणि राजपालपुढं हात केला.

"फोन द्या. कुठं दाबायचं, पट्ट्या कशा वर न्यायच्या, बंद पडलं तर काय करायचं, सगळं शिकवा. आत्ता. म्हणजे तुमच्यासाठी थांबावं लागणार नाही."

राजपालनं शिकवलं. काही मागं ठेवलं नाही. कार्ड कसं काढायचं, वायर सैल झाली तर कुठली दाबायची, आबांचा आवाज जमेल तेवढा जाड कसा करायचा, सगळं. एकाच फोनवर दोघांच्या माना वाकलेल्या. मध्येच ती न बघता म्हणाली, "बोटं कापताहेत तुमची."

"व्हय."

"माझीसुद्धा..."

एवढंच. ढोलकी परत सुरू झाली. पौर्णिमा आत जाऊन आबांच्या पायाशी बसली, पाटीवर गाण्याची ओळ लिहून त्यांच्यापुढं धरली, म्हणजे त्यांना कळावं, आता ते कुठं आहेत. पिराजींचे ओठ बिनआवाजाचे हलायला लागले. एक ओळ संपली की ती पुसायची आणि दुसरी लिहायची.

राजपाल चपला घालायला वाकला. जायचं की थांबायचं, त्याला कळत नव्हतं. तिनं जा म्हटलं नव्हतं. थांब म्हटलं नव्हतं. तो आईकडं बघायला लागला, लहानपणी बघायचा तसा. जाईबाईंनी पदर खोचला आणि आतल्या पोरीलाही ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"माझ्याकडं काय बघतूस? माया खरी हाय तुझी, म्हणूनच तुझी चूक मोठी हाय. ती तुला न्हाय म्हणली, तर म्या तिच्या बाजूनं हाय, राजपाल. आन् व्हय म्हणली, तरीबी म्या तिच्याच बाजूनं हाय."