तिरप्या दगडाखालची काठी

दार लोटून घ्या, कंदील राहू दे. उद्या नवव्या महिन्याची नवमी, सणाचा दिवस. अर्धा जिल्हा डोंगर चढायला लोटणार आणि तुम्हा पोरांना आज रात्रीच वर माल पोचवायचाय. म्हणून आत्ताच सांगतो. गोष्ट ऐकीव नाही. ग्वेशंग माझ्याच बरोबरीचा हमाल.

चार वर्षांपूर्वीची अशीच अष्टमीची रात्र. वरच्या देवळात तेल, मेणबत्त्या आणि तांदूळ न्यायचे होते. ग्वेशंग निघाला तेव्हा बायको, छुनशिऊ, मुलाला पेज भरवत होती. मिंगयांग, एकुलता एक. बापासारखं ओझं वाहायचं नाही म्हणून शहरात गेला आणि तिथे बांधकामाच्या परांचीवरून पडून पाठीचा कणा मोडला. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला.

"बाबा, पाठ दुखतेय ना तुमची? आज नका जाऊ."

"मग तू जातोस का?" ग्वेशंग बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

पोरगा हसला. "बरा झालो ना, की एकदा तुमची कावड घेईनच."

हत्तीच्या सोंडेसारखा सुळका ओलांडला की तो तिरपा दगड लागतो. आपली पाठ मोडू नये म्हणून लोक त्याच्याखाली काड्या टेकवतात. तुम्हीही टेकवल्यात, लाजू नका. मिंगयांग पडला तेव्हा छुनशिऊने अंगणातल्या झाडाची जाडजूड फांदी तोडली, लाल दोरा बांधला आणि पोराच्या पाठीसाठी दगडाखाली टेकवली. ग्वेशंगने तिची टर उडवली होती. "काडीने पाठी सरळ झाल्या असत्या तर डॉक्टर उपाशी मेले असते!" तिने ती नेमकी कुठे टेकवली, हे त्याने कधी विचारलंही नाही.

त्या रात्री चंद्र मावळल्यावर तो दगडापाशी पोचला आणि दम खाताना कावड टेकवायची त्याची काठी काडकन मोडली. भरली कावड खाली ठेवली तर दुखऱ्या पाठीने ती पुन्हा उचलणं त्याला जमलं नसतं, आणि काठीशिवाय वरच्या पायऱ्या चढणं शक्य नव्हतं. त्याने एका हाताने दगडाखाली चाचपलं. सगळ्यांत जाड काठी ओढून काढली. इतक्या काड्यांतली एक गेली तर कोणाला कळणार होतं?

दगड करकरला. थोडासाच.

चार पायऱ्यांवर कावड हलकी झाली. पाठीची कळ गेली. ग्वेशंगला इतकं बरं वाटलं की तो गुणगुणायला लागला. एवढा आनंद त्याला दोन वर्षांत झाला नव्हता.

मग मागे पावलं वाजली.

तो थांबला. पावलं थांबली.

"कोण आहे?"

...

रात्री डोंगरावर मागे वळायचं नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तो वळला नाही. चालू लागला. मागे कुणीतरी धापा टाकत होतं. ओझं घेतल्यासारखं. अगदी जवळ.

"बाबा... मी घेतलीय."

ग्वेशंगचा अंगठा काठीवरून सरकला. दोऱ्याला लागला.

कावड टाकून तो खाली धावला. दगडापाशी गुडघ्यांवर बसला. जिथून काठी काढली होती तिथे फट नव्हती. दगड जमिनीला टेकला होता. त्याने काठी आडवी लावून पाहिली, तिरपी लावून पाहिली. माती उकरली. नखं गेली. काठी जाईना.

"घे रे," तो दगडाला म्हणत होता. "घे ना... घे."

...

उजाडताना तो घरी पोचला. छुनशिऊ उंबऱ्यावर बसली होती.

"रात्री एकदाच बोलला," ती म्हणाली. "आई, बाबांना जड होतंय, मी जाऊन येतो, म्हणाला. मला वाटलं, तापात बरळतोय..."

आत मिंगयांग गार पडला होता. ग्वेशंगने ती काठी तिच्या पायाशी ठेवली. तिने दोरा ओळखला आणि तोंड फिरवलं. त्यानंतर ती त्याच्याशी कधी बोलली नाही. तिने बोलावं म्हणून तोही मागे लागला नाही.

पोराला शेवटची आंघोळ मी घातली. आयुष्यात कधी कावड न उचललेलं पोर. शहरी, मऊ खांदे. सदरा काढला आणि माझे हात थांबले.

उजव्या खांद्यावर कावडीचा वळ होता. कातडी सोललेली. रक्त अजून ओलं.