डॉक्टरबाईंची पेज

सुदेश परब दवाखान्यात पहिल्यांदा आला तो हाताला पंचा गुंडाळून. डिचोलीजवळच्या आपल्या कुळागरात पोफळींखालचं रान काढताना कोयता निसटला होता. केसांतून पावसाचं पाणी गळत होतं. डॉक्टर गौरवी टाके घालत होती, आणि तो तिच्या तोंडाकडे बघत होता.

"दुखतंय?"

"सुईकडे बघितलं तर दुखतं. म्हणून दुसरीकडे बघतोय."

"मग भिंतीकडे बघा," ती म्हणाली. पण तिला हसू लपवता आलं नाही.

टाके काढायला अवकाश होता, तरी तो मध्येच दोनदा आला. पट्टी भिजली म्हणाला. नर्स सुविधा म्हणाली, "याच्यापेक्षा याची पट्टीच जास्त आंघोळ करते."

टाके काढायच्या दिवशी मात्र दवाखाना गप्प होता. सकाळीच शेवंतीमावशीला बेशुद्धावस्थेत आणलं होतं. दर सोमवारी रक्तदाब तपासायला यायची, आणि "माळ गो बाय" म्हणत गौरवीच्या हातात अबोलीची फुलं ठेवायची. गौरवी तिची छाती दाबत राहिली... किती तरी वेळ. मावशी गेली. गौरवीने तिच्या लेकीला सावरलं, हात धुतले आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

पुढचा माणूस सुदेश होता.

तिने टाके काढले. हात स्थिर, डोळे कोरडे.

"मावशी आमच्याच वाड्यावरची, शेजारची," तो हळू म्हणाला. "तुम्ही जरा... बसा तरी."

"बाहेर माणसं ताटकळलीत. सुतक तिच्या घरी, मला कसलं?" तिने कात्री खाली ठेवली. "आणि आता पेशंटच नकोत मला. पणजीत ऑफिसातली जागा देतायत. उद्या जाऊन हो म्हणून येते."

सुदेशने बरा झालेला हात उगाच उलटसुलट करून पाहिला आणि तो निघून गेला.

दुपारी सगळे पेशंट गेल्यावर ती दवाखान्यामागच्या आपल्या खोलीच्या पायरीवर बसली होती. जेवायचं सुचत नव्हतं. इतक्यात सुदेश आला. एका हातात छत्री, दुसऱ्यात झाकलेला टोप.

"हे काय?"

"पेज. मयताच्या घरात चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी पेज न्यायची असते. आईने दोन टोप भरले. एक मावशीकडे दिला... एक इथं."

"मी कोण तिची?"

"ते तुम्हीच सांगा. तुम्ही तिला सोडतच नव्हता म्हणे. सुविधाबाईंनी हात धरून बाजूला केलं तुम्हाला."

गौरवीने पेजेचा एक घोट घेतला. टोप मांडीवर ठेवला. मग ती रडली – लहान पोरीसारखी, आवाज करून. सुदेश रडू नका म्हणाला नाही. त्याने छत्री फक्त रस्त्याच्या बाजूला वळवली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू नये म्हणून. त्याची पाठ भिजत राहिली.

बऱ्याच वेळाने तिने पदराने तोंड पुसलं.

"पेज किती दिवस आणायची असते?"

"सुतक फिटेपर्यंत."

"आणि उद्या मी पणजीत असले तर?"

"तर बस धरून येईन. थोडी सांडेल... पण येईन."

टोपात उरलेली पेज तिने सावकाश संपवली.

"नको," ती म्हणाली. "इथंच आण. मी असेन."

तो थोडा घुटमळला. "आणि... सुतक फिटल्यावर?"

"तेव्हा," गौरवीने रिकामा टोप त्याच्याकडे दिला, "काही न घेता ये."