रेघ अडते ती जागा

हे कुणाच्या तरी मावशीच्या शेजारणीचं ऐकीव नाही. घडलेलं आहे. मालूला विचारा. मूळची कोलशेतची, हल्ली डोंबिवलीत असते. फक्त जेवताना विचारू नका, ताट सारून उठते.

रात्र नव्हती. दोन वर्षांपूर्वीचा, १९९४ चा मे महिना, भर दुपार. ठाण्यात नौपाड्यातलं एका आर्किटेक्टचं ऑफिस.

मालू कोळ्यांची पोर. आयटीआय करून ड्राफ्ट्समन झालेली. ऑफिसात कॉम्प्युटर नुकताच आलेला. त्याच्यासाठी एसी, त्याच्यासाठी पडदे, चपला दाराबाहेर. माणसांचे एवढे लाड तिथे कोणी करत नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत मालू त्यावर स्वतःच्या घराचा नकाशा काढायची. मागच्या दारी एक खोली वाढवायची होती. शेवंतीवहिनीला सातवा लागलेला. आधीचं एक सहाव्यातच गेलं होतं. हे तरी नीट पदरात पडावं, एवढीच सगळ्या घराची आस.

त्या दुपारी समोर नकाशा होता खाडीकाठच्या नव्या कॉलनीचा. मालूच्या गावाला अगदी लागून. आतल्या रस्त्यांच्या रेघा कंपाउंडच्या भिंतीपर्यंत न्यायच्या होत्या.

काम म्हणजे पोरखेळ. एक्स्टेंड कमांड द्यायची. चौकट ओढून हद्द दाखवायची. मग आखूड रेघेवर क्लिक करायचं. रेघ वाढत जाते आणि हद्दीला टेकून थांबते.

मालूनं भिंतीवर चौकट ओढली.

मशीननं खाली लिहिलं... दोन वस्तू सापडल्या.

भिंत तर एकच होती.

तिनं मनावर घेतलं नाही. क्लिक केलं. रेघ निघाली... आणि मध्येच थांबली.

काळ्या स्क्रीनवर, रिकाम्या जागेत.

दुसरी रेघ सोडली. तीही तिथेच अडली. झूम करून पाहिलं, चित्र पुन्हा उमटवून पाहिलं. काही नाही.

मग मालूनं चारही बाजूंनी दाट, बारीक रेघा सोडल्या. सगळ्या अडल्या. कुठे थोडं अलीकडे, कुठे पलीकडे... आणि टोकांच्या मधे आकार दिसायला लागला.

नकाशा म्हणजे वरून पाहिलेली जागा. वरून पाहिलं तर तिथे कुणीतरी कुशीवर निजलं होतं. गुडघे पोटाशी घेऊन.

"काय टाइमपास लावलायस?" मागे त्र्यंबक सर उभे. ऑफिस त्यांचंच, आणि जीभ तिखट. "पार्टी येऊन बसलीय बाहेर."

"सर, इथं काहीतरी आहे."

"कचरा असेल. इरेज मार."

"पण दिसत नाही, सर."

"अगं, चौकट ओढ ना. पुसायला दिसायला कशाला पाहिजे?"

तिनं चौकट ओढली. एक वस्तू सापडली. तिचा हात काही एंटरवर जाईना. सरांनी चिडून मागून हात घातला आणि स्वतःच दाबलं.

रेघा सरसर भिंतीला जाऊन टेकल्या.

"झालं? एवढ्यासाठी रडत होतीस!"

सर गेले. तेवढ्यात खोलीत कुणीतरी लांब उसासा टाकला... झोपमोड झाल्यावर टाकतात तसा.

मालू एकटीच होती.

संध्याकाळी तिनं बापाला, म्हणजे दाजींना, सांगितलं. दाजी ओट्यावर जाळं विणत होते. त्यांचा हात थांबला.

"कोनी सांगितलं व्हतं तुला पुसाया?"

"काय होतं ते, दाजी?"

"मना काय ठावं? बा सांगं, तिथून वलसा घालून जा. आमी गेलो. ते तिथं निजलंय म्हनून आपन हितं निजतो, पोरी."

मालूला रात्रभर डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टीत तिनं घराचा नकाशा उघडला. एक्स्टेंड. चौकट.

दोन वस्तू सापडल्या.

रेघ मधल्या खोलीत अडली. शेवंती झोपते तिथे.

मालूनं चहूकडून रेघा सोडल्या. आता ते निजलेलं नव्हतं. उकिडवं बसलं होतं... गुडघे अंथरुणाकडे करून.

तिनं इरेज टाइप केलं. बोट एंटरवर नेलं. आणि तिच्या मनात आलं, इथून पुसलं तर ते जाईल कुठे? त्या खोलीत जागा तरी कुठे उरली होती... वहिनीचं पोट सोडून?

मशीन तसंच टाकून मालू धावली. चपला घालायचं भान नव्हतं.

घरी शेवंती ठीक होती. नणंदेसाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली. मधल्या खोलीत मोकळ्या लादीवरून येता येता ती बाजूला सरली, वळसा घेतला आणि पुन्हा सरळ झाली.

"वहिनी, अशी वाकडी का आलीस?"

"मी? सरळच तर आले की गं."

नारळ वाढवला. कोंबडं कापलं. वाढीव खोलीचं नाव कुणी काढलं नाही. मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. सगळ्यांना वाटलं, सुटलो.

पोर रांगायला लागली. एक दिवस मधल्या खोलीत, भिंतीपासून लांब, एक हात वर करून उभी राहिली. शेवंती कौतुकानं हसली. मग तिचं हसू थांबलं... पोरीनं धरावं असं तिथे काहीच नव्हतं.

मालूनं झेप घेऊन तिला कवेत घेतलं.

पोर येईना. हात वरच अडकलेला. दोघींनी जिवाच्या आकांतानं ओढली, तेव्हा सुटली.

आठवड्याच्या आत सगळं घर डोंबिवलीला भाड्याच्या खोलीत आलं.

पोर आता दोन वर्षांची आहे. दुडुदुडु चालते. बाजारात जाताना शेवंती तिचा डावा हात धरते. उजवा हात पोर आपणहून वर करते, मोठ्या माणसाचं बोट धरल्यासारखा... आणि घरी येईपर्यंत तो खाली घेत नाही.

मालू त्या बाजूनं कधीच चालत नाही.