उरलेली पट्टी

निवृत्तीनंतर अप्पांनी पृथ्वीचे गोल बनवण्याचा छंद लावून घेतला होता. कागदाच्या लगद्याचा गोळा वाळवायचा आणि त्यावर छापील नकाशाच्या बारा उभ्या पट्ट्या खळीने चिकटवायच्या. त्या सकाळी अकरावी पट्टी बसली आणि बारावीला जागाच उरली नाही. वाळताना गोळा आक्रसला होता. उरलेली पट्टी सबंध निळी होती. त्यांचे शहर आणि धाकट्या मुलीचे शहर यांमधला समुद्र.

पट्टी टेबलावर ठेवून ते हात धुतात, तोच रुग्णालयातून फोन आला. पत्नीच्या हृदयाची शस्त्रक्रिया दुपारी चारऐवजी बारालाच करावी लागणार होती. धाकटीचे विमान इथल्या वेळेने साडेनऊला सुटणार होते. अंतर चार हजार किलोमीटर, प्रवास साडेपाच तासांचा. हिशेब कसाही मांडला तरी ती पोचणार नव्हती.

"झाली का तुमची पृथ्वी?" रुग्णालयातल्या खाटेवरून पत्नीने विचारले.

"जरा लहान झाली."

"बरंच झालं की! धाकटी लवकर येईल." ती हसली, मग तोंड भिंतीकडे वळवून म्हणाली, "तिला बघितल्याशिवाय आत जायला धीर होत नाही हो."

पावणेबाराला दार उघडले. बॅग खांद्यालाच ठेवून धाकटी आत आली.

"काय गं आई, मला न विचारता वेळा बदलतेस?"

पत्नीने तिचा हात धरला तो शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारापर्यंत सोडला नाही.

दार मिटल्यावर अप्पांनी हळूच विचारले, "आधीच्या विमानाने आलीस?"

"नाही, साडेनऊच्याच. चहा वाटून होतोय तोवर पट्टे बांधायला सांगितलं. वैमानिक म्हणाला, वारा अनुकूल होता. सगळे आपापली घड्याळं बघत होते."

"खाली समुद्र दिसला?"

"नाही. एक सरळ पांढरी रेघ दिसली, शिवणीसारखी." ती घुटमळली. "आणि अप्पा, हसू नका. तुमच्या खळीचा वास येत होता."

अप्पा हसले नाहीत.

संध्याकाळी शल्यविशारद बाहेर आले. "उत्तम झालं. उद्या बोलतील तुमच्याशी." धाकटी बापाच्या खांद्यावर डोके टेकून रडली, मग हसली.

पत्नीचे कपडे आणायला अप्पा घरी आले. दिवा लावला.

पट्टी ओली होती. बोट लावून त्यांनी जिभेला टेकवले. खारट.

निळ्याच्या मध्यावर एक उजेडाचा ठिपका होता. तो सावकाश पट्टीच्या काठापर्यंत सरकला, थांबला, वळला आणि दुसऱ्या काठाकडे निघाला.

अप्पांनी भिंगाकडे हात नेला नाही. त्यांनी खळ गरम करायला ठेवली, मोठ्या गोळ्यासाठी कागद भिजत घातला आणि टेबलावर वाकून अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "आमची आली. आता तुम्हालाही पोचवतो. थोडं थांबा."

ठिपका थांबला.

आणि डासाच्या गुणगुणीएवढा बारीक, जहाजाचा भोंगा वाजला.